आघाताचें मोजमाप

नारळावर दोन मणांचें ओझें अगदीं सावकाश ठेवलें, तर त्यास बहुधा कांहींहि होत नाहीं. परंतु तेंच ओझें जिला जागचें हलवितां यावयाचें नाहीं, अशी घरांतील वृद्ध आजी तो नारळ दगडावर एकदोनदां आपटते आणि त्याचीं दोन शकलें होतात. लोहाराचा घण, पाथरवटाचा हातोडा, उखळांतील मुसळ हीं सर्व साधनें याच अनुभवावर चाललेलीं आहेत. घण लोखंडावर नुसता टेकवून ठेवला, तर दिवसभरांत लोखंडावर खूणहि उमटणार नाहीं. तो उचलून हाणला पाहिजे, हें लोहाराच्या पोरासहि ठाऊक असतें.

मनुष्यजातीनें हा अनुभव हजारों वर्षें वापरला. पण त्याचें मोजमाप मात्र तिला अगदीं अलीकडेपर्यंत करतां आलें नाहीं. याचें कारण उघड आहे. ओझें तराजूंत घालतां येतें, दोरीस टांगतां येतें, त्याखालीं तुळई किती वांकली हें पट्टी लावून पाहतां येतें. आघात मात्र डोळ्याचें पातें लवण्यापूर्वींच संपून गेलेला असतो. सेकंदाच्या सहस्रांशांत, कधीं लक्षांशांत जें घडून जातें, तें मोजावें कशानें? या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर मिळण्यास सुमारें दीडशें वर्षें लागलीं. आणि जेथें जेथें हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला, तेथें तेथें माणसांचे प्राण पणास लागले.

या विषयाकडे शास्त्रीय दृष्टीनें प्रथम पाहणारांत टॉमस यंग या इंग्रज विद्वानाचें नांव अग्रभागीं आहे. हा गृहस्थ पेशानें वैद्य. परंतु प्रकाश लहरींच्या रूपानें जातो हें प्रयोगानें दाखविणारा, आणि ईजिप्तमधील प्राचीन चित्रलिपीच्या वाचनास हातभार लावणारा असा बहुश्रुत होता. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यानें दिलेलीं व्याख्यानें १८०७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांत त्यानें दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून दाखविल्या. पदार्थ किती भार सहन करतो ही एक गोष्ट. आणि तुटण्यापूर्वीं तो किती धक्का पोटांत घालूं शकतो ही दुसरी. पदार्थ बळकट असून थोडा लांबणारा असेल, तर तो धक्का जिरवितो. बळकट असूनहि मुळींच न लांबणारा असेल, तर सावकाश दिलेला भार तो पेलील, पण धक्क्यापुढें टिकणार नाहीं. यंगनें आणखी एक विधान केलें. प्रत्येक पदार्थास वेगाची एक मर्यादा असते. त्या मर्यादेपलीकडील वेगानें येऊन आदळणारी वस्तु कितीहि हलकी असली, तरी जेथें ती आदळते तेथें त्या पदार्थास फोडल्याशिवाय राहत नाहीं. हें विधान वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची आठवण होण्याचा प्रसंग येणार आहे.

यंगच्या काळीं हा विचार पुस्तकांतच राहिला. त्यास रस्त्यावर आणलें तें आगगाडीनें. बैलगाडीच्या वेगास पुरणारे पूल आतां धांवत्या इंजिनांखालीं आले. चेस्टर गांवाजवळ डी नदीवर रॉबर्ट स्टीफन्सन या नामांकित इंजिनियरानें एक पूल बांधला होता. त्याच्या तुळया बिडाच्या असून त्यांस घडीव लोखंडाच्या पट्ट्यांचा आधार दिलेला होता. सरकारी तपासनिसानें १८४६ सालीं पूल पाहून मान्यताहि दिली होती. २४ मे १८४७ रोजीं, इंजिनांतून पडणाऱ्या निखाऱ्यांनीं पुलावरील लांकूडकामास आग लागूं नये म्हणून, त्यावर खडीचा थर घालण्यांत आला. त्याच दिवशीं संध्याकाळीं एक उतारूगाडी पुलावरून जात असतां एका गाळ्याची तुळई मोडली. ड्रायव्हरनें इंजिन कसेंबसें पलीकडे नेलें, पण मागचे डबे नदींत कोसळले. पांच माणसें प्राणास मुकलीं. हाच स्टीफन्सन आपल्याकडील ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार इंजिनियर होता. मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी धांवली ती त्यानंतर सहा वर्षांनीं, १८५३ सालीं.

डी नदीच्या अपघातानें इंग्लंडांत मोठी खळबळ उडाली. कारण बिडाच्या तुळयांचे पूल त्या वेळीं देशभर होते. त्याच वर्षीं सरकारनें एक शाही आयोग नेमला. आयोगापुढील प्रश्न साधा दिसणारा, पण तोंपर्यंत कोणी नीट न विचारलेला होता. अमुक वजन पुलाच्या मधोमध उभें केलें तर तुळई किती वांकते, हें इंजिनियरांस माहीत होतें. तेंच वजन धांवत आलें तर किती वांकते?

उत्तर शोधण्यासाठीं केंब्रिजचे प्रोफेसर रॉबर्ट विलिस आणि आयोगाकडील लष्करी इंजिनियर यांनीं प्रयोग मांडले. पोर्टस्मथच्या गोदींत एक उंच उतरता मार्ग उभारण्यांत आला. वजनें भरलेला गाडा त्या उतारावरून सोडावयाचा, आणि तळाशीं आडव्या ठेवलेल्या बिडाच्या कांबांवरून तो वेगानें जाऊं द्यावयाचा, अशी ती योजना होती. जें वजन उभें असतां कांब निमूटपणें पेलीत असे, त्याच वजनाखालीं वेग वाढतांच ती अधिकाधिक वांकूं लागली, आणि पुरेसा वेग होतांच मोडली. यावरून इंजिनियरांच्या पोटांत गोळा उभा राहिला असल्यास नवल नाहीं. परंतु प्रत्यक्ष पुलांवर जेव्हां हेच प्रयोग करण्यांत आले, तेव्हां वेगाचा परिणाम त्या मानानें पुष्कळच कमी आढळला. कारण लहान लवचिक कांब आणि मोठा ताठ पूल यांची वागणूक सारखी नसते. हा फरक कां पडतो याचें गणित जॉर्ज स्टोक्स या तरुण शास्त्रज्ञानें १८४९ सालीं सोडवून दाखविलें. भीति कांहींशी शमली. पण भार किती हें विचारून भागत नाहीं, तो किती झपाट्यानें आला हेंहि विचारावें लागतें, ही गोष्ट त्या दिवसापासून इंजिनियरिंगच्या दप्तरांत कायमची नोंदली गेली.

यानंतर या कथेंत एक पिता आणि त्याचा पुत्र येतात.

जॉन हॉप्किन्सन हा मँचेस्टरचा. त्याचा जन्म १८४९ सालचा. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेंत तो १८७१ सालीं पहिला आला, म्हणजे सीनियर रँग्लर झाला. महाराष्ट्रांत ‘रँग्लर’ या शब्दास जो मान आहे, तो ज्यांच्यामुळें आला त्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनीं हेंच पद १८९९ सालीं मिळविलें. पुढें हॉप्किन्सननें दीपगृहांचे दिवे सुधारले, विजेचीं यंत्रें सुधारलीं, लंडनच्या किंग्ज कॉलेजांत प्रोफेसरकी केली. परंतु येथें त्याचें जें काम सांगावयाचें आहे, तें त्यानें वयाच्या तेविसाव्या वर्षीं, १८७२ सालीं, मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढें मांडलें.

त्याचा प्रयोग कोणत्याहि शाळेंत करतां येण्याजोगा होता. लोखंडाची एक लांब तार त्यानें उभी टांगली. तिचें वरचें टोंक पक्कें अडकविलें आणि खालच्या टोंकास एक चाप बसविला. भोंक पाडलेलें एक वजन तारेंत ओवून तें कांहीं उंचीवरून सोडावयाचें, म्हणजे तें तारेवरून घसरत येऊन चापावर आदळे आणि तारेस हिसका बसे. उंची वाढवीत जावयाचें, आणि तार केव्हां तुटते हें पाहावयाचें. सामान्य माणसाची समजूत अशी, कीं वजन दुप्पट घेतलें तर निम्मी उंची पुरावी. प्रत्यक्षांत तसें झालें नाहीं. वजन हलकें घ्या कीं जड घ्या, तार तुटण्यास लागणारी उंची जवळजवळ तीच राहिली. आणखी आश्चर्याची गोष्ट अशी, कीं हिसका खालीं बसत असूनहि पुष्कळ वेळां तार तुटे ती वरच्या टोंकाशीं.

या कोड्याचा उलगडा हॉप्किन्सननें गणितानें केला. पण तो मालगाडीच्या दृष्टांतानेंहि समजण्यासारखा आहे. उभी असलेली लांब मालगाडी इंजिन ओढूं लागतें, तेव्हां तिचे सर्व डबे एकदम हलत नाहींत. पहिल्या डब्यास हिसका बसतो, तो दुसऱ्यास देतो, दुसरा तिसऱ्यास. आणि तो खडखडाट सबंध गाडीभर धांवत जातो. शेवटच्या डब्यास इंजिनाची हालचाल कांहीं वेळानें कळते. लोखंडाच्या तारेंतहि तसेंच होतें. मात्र तेथील ताणाची लाट सेकंदास सुमारें पांच किलोमीटर वेगानें धांवते. वजन चापावर आदळतें त्या पहिल्या क्षणीं तारेच्या खालच्या टोंकास फक्त त्याच्या वेगाची वार्ता लागलेली असते. वजन एक शेर आहे कीं दहा शेर आहे, हें कळण्याइतका वेळच झालेला नसतो. म्हणून त्या क्षणींचा ताण वेगावर अवलंबून राहतो, वजनावर नाहीं. ही लाट वर धांवत जाऊन पक्क्या अडकविलेल्या टोंकावर आपटते. समुद्राची लाट धक्क्याच्या भिंतीवर आपटली म्हणजे जशी दुणावून उसळते, तसा तेथें ताण दुप्पट होतो, आणि तार वरच्या टोंकाशीं तुटते. यंगनें पासष्ट वर्षांपूर्वीं जें तर्कानें सांगितलें होतें, त्यास अशा रीतीनें एका टांगलेल्या तारेनें साक्ष दिली.

हॉप्किन्सन पुढें इतर उद्योगांत गुंतला आणि हा विषय तसाच राहिला. त्यास पर्वतारोहणाचा नाद होता. २७ ऑगस्ट १८९८ रोजीं स्वित्झर्लंडमध्यें वेसिवी नांवाच्या शिखरावर चढत असतां तो आणि त्याच्या बरोबरचीं त्याचीं तीन मुलें, एक मुलगा व दोन मुली, कोसळून मृत्युमुखीं पडलीं. त्याचें वय त्या वेळीं अवघें एकूणपन्नास वर्षांचें होतें. कुटुंबानें दिलेल्या देणगींतून त्याच्या व त्या मुलाच्या स्मरणार्थ केंब्रिजच्या इंजिनियरिंग प्रयोगशाळेचा एक नवा भाग उभा राहिला.

मागें राहिलेल्या मुलांत बर्ट्राम हा वडील. त्यानें कायद्याचा अभ्यास पुरा केला होता आणि वकिलीच्या धंद्यास आरंभ केला होता. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यानें तो मार्ग सोडला आणि इंजिनियरिंग हेंच आपलें क्षेत्र केलें. पांच वर्षांत, १९०३ सालीं, वयाच्या एकुणतिसाव्या वर्षीं, तो केंब्रिज येथें यंत्रशास्त्राचा प्रोफेसर झाला. ज्या प्रयोगशाळेच्या एका भागास बापाचें नांव होतें, तीच आतां मुलाच्या हातीं आली.

बर्ट्रामनें पहिल्या कांहीं वर्षांतच वडिलांचा तारेचा प्रयोग पुन्हां हातीं घेतला आणि १९०५ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रत्येक धातूस ताणाची एक मर्यादा असते. तिच्या आंत ताण राहिला तर तार सोडतांच पूर्ववत् होते, पलीकडे गेला तर ती कायमची लांबते किंवा तुटते, असें सर्व पुस्तकें सांगत. बर्ट्रामला असें आढळलें, कीं हा ताण सेकंदाच्या सहस्रांशाच्या आसपासच टिकणारा असेल, तर लोखंडाची किंवा तांब्याची तार ती मर्यादा ओलांडून पुष्कळ पुढें जाते, आणि तरीहि पूर्ववत् होते. म्हणजे धातूसहि हार मानावयास वेळ लागतो. आतां नवा प्रश्न उभा राहिला. इतक्या थोड्या वेळांत येऊन जाणारा दाब किती मोठा असतो आणि नेमका किती वेळ टिकतो, हें कसें मोजावें? बंदुकीची एक इंचाहून थोडी लांब गोळी सेकंदास दोन हजार फूट वेगानें पोलादावर आदळली, तर ती सबंध चेपून जाण्यास सेकंदाच्या सुमारें वीस हजाराव्या भागाएवढा वेळ लागतो. एवढा काळ टिपील असें घड्याळ त्या वेळीं कोणाजवळ नव्हतें.

बर्ट्रामनें पोलादाच्या दांड्यासच घड्याळ केलें. त्याची ही युक्ति १९१४ सालीं प्रसिद्ध झाली, आणि ती समजण्यास मुलांचा गोट्यांचा खेळ आठवला म्हणजे पुरे. एकीस एक चिकटून ठेवलेल्या गोट्यांच्या रांगेवर एका बाजूनें गोटी मारली, तर मधल्या गोट्या जागच्या जागीं राहतात आणि पलीकडची शेवटची तेवढी उडून जाते. बर्ट्रामनें पोलादाचा एक लांब दांडा दोऱ्यांनीं आडवा टांगला. त्याच्या एका टोंकास त्याच जाडीचा एक आंखूड तुकडा किंचित् ओंगण लावून चिकटविला. दुसऱ्या टोंकावर बंदुकीची गोळी झाडावयाची, किंवा त्याच्याजवळ गनकॉटन या स्फोटक द्रव्याचा स्फोट करावयाचा. दाबाची लाट दांड्यांतून धांवत जाते, सांधा ओलांडून तुकड्यांत शिरते, त्याच्या मोकळ्या टोंकावरून परत फिरते. परंतु परत फिरतांना ती दाबाची न राहतां ताणाची होते. ओंगणाचा सांधा दाब पुढें जाऊं देतो, ताण मात्र सोसूं शकत नाहीं. तो सुटतो, आणि लाटेचा जेवढा भाग तुकड्यांत सांपडला असेल तेवढा बरोबर घेऊन तुकडा उडून जातो. समोर टांगलेल्या एका लोलकांत तो झेलावयाचा, आणि लोलक किती हलला यावरून त्याच्या अंगच्या धक्क्याचा हिशेब करावयाचा.

खुबी पुढेंच आहे. तुकडा पुरेसा लांब असेल, तर सबंध लाट त्यांत सांपडते. तुकडा उडून जातो आणि दांडा जागच्या जागीं स्वस्थ टांगलेला राहतो. तुकडा क्रमाक्रमानें आंखूड करीत गेलें, म्हणजे एक वेळ अशी येते, कीं लाटेचा कांहीं भाग मागें दांड्यांत उरतो आणि दांडाहि हलूं लागतो. त्या वेळच्या तुकड्याच्या लांबीवरून लाटेची लांबी निघते. लाटेचा वेग ठाऊक असल्यामुळें ती लांबी म्हणजेच काळ. अगदीं आंखूड तुकडे घेतले, म्हणजे दाब जास्तींत जास्त किती झाला तेंहि काढतां येतें. अशा रीतीनें सेकंदाच्या लक्षांशांत मोजावयाची गोष्ट फूटपट्टीनें मोजतां आली. पुढें या उपकरणास ‘हॉप्किन्सन दांडा’ हेंच नांव पडलें.

तें वर्ष १९१४ होतें. प्रयोग गोळ्यांचे आणि स्फोटांचे होते, आणि थोड्याच महिन्यांत पहिलें महायुद्ध पेटलें. या विद्येचा जन्म पूल वांचविण्याच्या चिंतेंतून झाला असला, तरी तिची वाढ पुष्कळशी युद्धाच्या छायेंत झाली, ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. बर्ट्राम लष्करी सेवेंत शिरला. सुरुंग आणि पाणतीर यांच्या स्फोटांपासून युद्धनौका कशा वांचवाव्या, याचा त्यानें अभ्यास केला. पुढें विमानांच्या शस्त्रास्त्रांच्या संशोधनाची मोठी जबाबदारी त्याच्यावर आली. वैमानिकांच्या अडचणी स्वतः समजाव्या म्हणून चाळिशी उलटल्यावर तो विमान चालवावयास शिकला. २६ ऑगस्ट १९१८ रोजीं मार्टलशॅम हीथच्या विमानतळावरून लंडनकडे एकटाच उडत जात असतां खराब हवेंत त्याचें विमान कोसळलें आणि तो मरण पावला. वय चव्वेचाळीस. युद्ध संपण्यास अडीच महिने उरले होते. आणि बापाच्या मृत्यूस वीस वर्षें पुरीं होण्यास एक दिवस.

हॉप्किन्सन दांड्यांत एक उणीव होती. दाब किती झाला आणि किती वेळ टिकला, हें तो सांगे. पण त्या वेळांत दाब कसकसा चढला आणि कसा उतरला, त्याची सबंध आकृति त्यावरून काढतां येत नसे. ही उणीव भरून निघण्यास आणखी एक महायुद्ध जावें लागलें. विजेच्या किरणानें पडद्यावर रेघ काढणारें ऑसिलोग्राफ हें यंत्र तोंपर्यंत हातीं आलें होतें. आर. एम. डेव्हिस या शास्त्रज्ञानें दांड्याच्या टोंकाची अतिसूक्ष्म हालचाल विजेच्या साहाय्यानें टिपून तिची आकृति ऑसिलोग्राफवर उमटविली, आणि या सर्व पद्धतीची कसून केलेली छाननी १९४८ सालीं प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं केंब्रिजचे जी. आय. टेलर यांची एक सोपी रीतिहि छापून आली. धातूचा एक लहान दंडगोल अत्यंत कठीण पोलादी भिंतीवर बंदुकीनें झाडावयाचा, आणि तो आदळून किती आंखूड झाला हें मोजावयाचें. तेवढ्यावरून आघाताच्या वेळीं त्या धातूचें बळ किती होतें हें काढतां येतें.

पुढच्याच वर्षीं, १९४९ सालीं, हर्बर्ट कोल्स्की यानें शेवटची पायरी गांठली. आतांपर्यंत दांड्यानें आघात मोजला जात होता. कोल्स्कीनें त्याच्या योगानें पदार्थ मोजला. त्यानें एकाऐवजीं दोन दांडे एका रेषेंत टांगले आणि ज्या पदार्थाची परीक्षा करावयाची त्याची पातळ चकती दोहोंमध्यें धरली. एका दांड्याच्या टोंकाशीं स्फोट होतांच लाट येते. चकतीपाशीं तिचा कांहीं भाग माघारी फिरतो आणि कांहीं भाग चकती ओलांडून दुसऱ्या दांड्यांत जातो. किती माघारी गेला आणि किती पुढें गेला, यावरून चकतीवर दाब किती पडला आणि ती किती दबली, या दोन्ही गोष्टी निघतात. कोल्स्कीनें तांबें व शिसें तपासलें, तसेंच पॉलिथीन, रबर इत्यादि पदार्थहि तपासले; आणि सावकाश दाबतांना त्यांची जी ओळख होते, तीहून आघाताच्या वेळची त्यांची ओळख निराळी असते, हें आंकड्यांनीं दाखविलें.

असें कां व्हावें, याचें उत्तर धातूच्या पोटांत आहे. धातूंतील अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, तेव्हां धातु वांकतो किंवा लांबतो. हें घसरणें सबंध थर एकदम सरकून होत नाहीं. रचनेंत राहिलेले बारीक दोष एका बाजूकडून दुसरीकडे सरकत जातात आणि त्यांच्या योगानें थर हलतो. ही कल्पना १९३४ सालीं तिघां शास्त्रज्ञांनीं स्वतंत्रपणें मांडली, आणि वर उल्लेखिलेले टेलर त्यांपैकींच एक होत. दोषांस सरकावयास वेळ लागतो. भार सावकाश आला तर तो वेळ मिळतो. एकदम आला तर मिळत नाहीं, आणि धातु अधिक ताठ वागतो. डांबराचा गोळा उन्हांत ठेवला तर हळूहळू पसरतो, पण त्यावर हातोडा मारला तर कांचेसारखा फुटतो. त्यांतलाच हा प्रकार.

थंडीचाहि परिणाम याच दिशेचा असतो. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें पत्रे वितळवून जोडलेलीं शेंकडों जहाजें घाईनें बांधलीं. १६ जानेवारी १९४३ रोजीं स्केनेक्टडी नांवाचें नवें कोरें तेलवाहू जहाज ऑरेगॉनमधील पोर्टलंडच्या धक्क्यास शांत पाण्यांत बांधलेलें असतां मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगलें. वादळ नव्हतें, शत्रु नव्हता. प्रथम सर्वांनीं जोडकामास दोष दिला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीनें दाखविलें, कीं मूळ दोष त्या पोलादाच्या जातींत होता. विशिष्ट तपमानाच्या खालीं तें चिवटपणा सोडून ठिसूळ होई, आणि एकदां पडलेली चीर त्यांतून बाणासारखी धांवत जाई. झोका देऊन सोडलेल्या हातोड्यानें खांच पाडलेला तुकडा मोडून पाहण्याची जी परीक्षा जॉर्ज शार्पी या फ्रेंच इंजिनियरानें १९०१ सालीं व्यवस्थित मांडली होती, तिचें महत्त्व या जहाजांनंतर सर्वांस पटलें.

एवढें ज्ञान जमा झाल्यावर तरी वेगाचा विसर पडूं नये. पण तो पडला. १६ जानेवारी २००३ रोजीं कोलंबिया हें अमेरिकेचें अंतराळयान सात प्रवाशांसह उडालें. त्यांत कर्नाल येथें जन्मलेल्या कल्पना चावला होत्या. उड्डाणानंतर सुमारें ८२ सेकंदांनीं इंधनाच्या टांकीवरील फेसासारख्या हलक्या आच्छादनाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. त्याचें वजन सुमारें पाऊण किलो होतें. चित्रांत तो दिसलाहि; पण इतक्या हलक्या, हातानें चुरडतां येणाऱ्या वस्तूनें पंखाच्या कठीण कडेस गंभीर इजा होईल, हें जबाबदार अधिकाऱ्यांस पटलें नाहीं. १ फेब्रुवारी रोजीं परत येतांना यान वातावरणांत भस्मसात् झालें आणि सातहि जण गेले. त्यानंतर जुलै महिन्यांत टेक्सासमधील एका प्रयोगशाळेंत तसाच तुकडा, तितक्याच वेगानें, म्हणजे तासास पांचशें मैलांहून अधिक वेगानें, तोफेंतून तशाच पंखाच्या कडेवर झाडण्यांत आला. पाहणारांच्या डोळ्यांदेखत त्या कडेस सुमारें सोळा इंचांचें भगदाड पडलें.

आदळणारी वस्तु कितीहि हलकी असली, तरी पुरेशा वेगानें आली तर ती फोडतेच, हें टॉमस यंगनें १८०७ सालीं छापलें होतें. तें जॉन हॉप्किन्सनच्या तारेनें दाखविलें, आणि बर्ट्रामच्या दांड्यानें तो क्षण मोजण्याचें साधन दिलें. तरीहि २००३ सालीं प्रत्यक्ष भगदाड पडेपर्यंत शहाण्या माणसांची खात्री पटली नाहीं. कारण मनुष्याचा हात वजन ओळखतो, वेळ ओळखत नाहीं. जें हातास कळत नाहीं, त्यासाठींच माप लागतें. कोलंबियाच्या नंतर, २००५ पासून २०११ सालीं तीं यानें निवृत्त होईपर्यंत, प्रत्येक उड्डाणांत पंखांची कड अंतराळांतच तपासून पाहण्यांत येत असे. ही तपासणी पूर्वींच करतां आली असती.